बाराखांबीवर छुईचा हात

॥ श्री ॥

मुक्काम चांदबोडी, माघ शुद्ध अष्टमी, सन १९१२

राजमान्य राजश्री दुधरामजी भाऊजी, कारकून, मोठी कचेरी, भंडारा, यांस धाकटा साळा केवलराम, गावचा मुकद्दम, याचा वाकून दंडवत. इकडे सारे खुशाल, बैल खुशाल, धानही यंदा बरं झालं. तिकडची खुशाली तुम्ही कधी कळवत नाही. (कचेरीत लिहून लिहून हात दुखते म्हणता. आम्ही दिवसभर नांगर धरून एवढं लिहितो, पण ते जाऊ द्या.) सुशिलाबाईचा गुडघा कसा आहे? मायनं पाठवलेलं मोहाचं तेल ती गुडघ्याला लावते की दिव्यात जाळते, असं माय मला रोज विचारते. मी इथं बसून काय सांगणार? सोबत गाडीवानाजवळ हिरानखी तांदूळ दिला आहे. मागच्या साली त्यात खडे निघाले, असं बाईनं कळवलं होतं. यंदा रुख्मिणीनं (तुमच्या साळ्याच्या घरवालीनं) तो फिरफिरून निवडला आहे. तरीही खडे निघाले तर ते भंडाऱ्याचे समजावे.

पत्र लिहिण्यास कारण असं काहीच नाही. आपली तलावावरची बाराखांबी पाडापाडीतून वाचली, ती खुषखबर तुमच्या कानी घालावी, एवढाच हेतू. तुमच्या लग्नात वऱ्हाडाला उतरायला जानोसा तिथंच दिला होता, आठवते ना? पोह्यांत तेल कमी पडलं म्हणून तुमचे वडील तिथल्याच एका खांबाला पाठ लावून रुसून बसले होते आणि गूळ-तूप आल्याशिवाय उठले नाहीत. (तो खांब आम्ही पाहुण्यांना अजून दाखवतो.) तलावाच्या पाळीवर काळ्या दगडाचं ते बांधकाम कोणी उभारलं, ते देवाला ठाऊक. गोंड म्हणतात, आमच्या राजानं. कोहळी म्हणतात, ज्यानं तलाव खोदला त्या आमच्या पुरख्यानं. आपण पोवार तर माळव्यातल्या धारेहून येतानाच ते पाठीवर आणल्यासारखं बोलतो. दरसाली मंडईच्या जत्रेला तिथं दंडारीचा खेळ रंगला की यावरून भांडण ठरलेलं. मात्र जो एक खांब आडवा पडला आहे, तो उभा करायची गोष्ट काढा, की लगेच प्रत्येक जण म्हणतो, ते बांधकाम त्यांचं, आम्ही कायले हात लावू?

पण बाराखांबीचे खरे मालक वेगळे आहेत. दुपारची जेवणं झाली की गावातल्या म्हाताऱ्या तिथं जमतात, आणि गाई परत येईपर्यंत उठत नाहीत. दात कोणालाच नाहीत, म्हणून पान-सुपारी कुटून खावी लागते, आणि ती कुटायला फरशीच्या दगडात खळग्या पडल्या आहेत. जिची खळगी तिची. सासू गेली की जागा सुनेची, पण सुनेचे दात पडल्याशिवाय तिला तिथं कोणी बसू देत नाही. ती सासूची खळगी पुसून ठेवते आणि शेजारी आपली नवी सुरू करते. आमची माय त्या सभेची मुखिया आहे. (रुख्मिणीचे दात अजून मजबूत आहेत, त्यामुळे ती रोज घरीच असते.) खोटं काऊन बोलू भाऊजी, माय दुपारभर बाराखांबीत आणि रुख्मिणी दुपारभर घरात, या एका व्यवस्थेवर माझा संसार आजवर उभा आहे. दोघी स्वभावानं चांगल्या आहेत. पण एका छपराखाली दुपार आली की वरणात मीठ कोणी टाकलं, यावरून सुरू होते ते थेट लग्नातल्या मानपानापर्यंत जाते, आणि दोन्हीकडून साक्षीदार मीच.

अशात गोंदियाहून छोटेलाल ठेकेदार आला. अर्जुनीच्या सडकेवर नाल्यावर पूल बांधायचं काम त्याच्याकडे आहे, आणि पुलाला दगड पाहिजे. बाराखांबीभोवती तो सोयरीक पाहायला आल्यासारखा फिरला, खांबांवर टिचक्या मारल्या, आणि मला म्हणतो, “केवलरामजी, पत्थर तो पत्थर है। यहाँ बेकार खडा है, वहाँ काम आयेगा।” पाडायच्या परवानगीचा वरचा कागदही त्यानं आणला होता. मी वरच्या लोकांच्या हातापाया पडलो, तेव्हा एवढंच कळलं, की नागपूरच्या जुन्या इमारती जपणाऱ्या साहेबानं ‘ही जुनी आहे, हिला हात लावू नका’ असं लिहून दिलं, तरच ती वाचेल. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. अर्ज तुम्हीच लिहून दिलात. ‘अतिप्राचीन, काळवंडलेली, शेवाळलेली, काळाच्या उदरातून डोकावणारी’ हे सारे शब्द तुमचेच होते. मी म्हणलंही होतं, भाऊजी, एवढं डोकावू देऊ नका. पण कारकुनाची लेखणी, ती कोणाचं ऐकते?

साहेब कार्तिकात आला. मी त्याला आणायला आदल्या दिवशीच सौंदड ठेसनावर गेलो, आणि जाताना मायला एकच सांगून गेलो, की मोठा पाहुणा येऊन राहिला, बाराखांबीकडे जरा लक्ष ठेव. इथंच चूक झाली, आणि ती माझीच. साहेब पुढं घोड्यावर, आणि त्याचे मदतनीस केळुसकर माझ्या बैलांच्या दमणीत. हे केळुसकर थेट कोकणातले, समुद्रकाठच्या एका गावचे. माणूस गोड, पण वाटभर समुद्राशिवाय दुसरी गोष्ट नाही. त्यांच्या गावात वखारी, बुरूज, व्यापाऱ्यांच्या जुन्या कोठ्या, आणि खाऱ्या वाऱ्यानं सारं पोखरून निघतं, म्हणून ते जपायला सरकारला कोण कष्ट! मी म्हणलं, आमचा समुद्र म्हणजे हा तलाव, आणि वारा म्हणाल तर गोडा. त्यांनी तलावाकडे पाहून वास घेतला आणि उदास होऊन तोंड फिरवलं. मग मी आपली बाराखांबी सांगायला घेतली. दगड कसा काजळासारखा काळा, शेवाळ कसं बोटभर, खांबांवरचे हत्ती झिजून झिजून कसे वराहासारखे दिसतात. तुमच्या अर्जातलं सारं बोललो आणि थोडं पदरचंही घातलं.

पाळीवर चढलो आणि पाहतो तर काय! बाराखांबी पांढरीफेक! भाऊजी, मायनं सारा गाव कामाला लावला होता. धान कापायचं सोडून बायांनी टोपल्याच्या टोपल्या पांढरी छुई माती आणली आणि इमारत खालपासून वरपर्यंत पोतून काढली. खाली गेरूचा पट्टा. जमीन शेणानं सारवलेली, वर रांगोळीसारखा पिठाचा चौक पुरलेला, दारी आंब्याचं तोरण. झिजलेल्या हत्तींना काजळाचे डोळे काढले होते, पाठीवर गेरूच्या झुली टाकल्या होत्या, आणि एका हत्तीला, कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, मिशा होत्या. पडलेला खांबही आडवा तसाच पोतून टाकला होता, मेलेल्याला नवं धोतर नेसवतात तसा. मायनं साहेबाला कुंकू लावलं, कपाळावर तांदूळ चिकटवले, ओवाळलं, आणि मोठ्या मानानं माझ्याकडे पाहिलं. साहेबानं एक चक्कर मारली, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि केळुसकरांना काही बोलला. केळुसकर मला म्हणाले, “साहेब म्हणतात, इमारत फार सुरेख आहे. पण अर्जातली इमारत कुठे आहे?”

मी मायला बाजूला घेतलं आणि हे काय केलंस म्हणून ओरडलो. ती माझ्याहून जोरात ओरडली. “काऊन रे केवल्या, दारी पाहुणा येऊन राह्यला न् मी भिंती काळ्या ठेवू का? लोक तुले नाई हासत, मले हासतीन!” आता ती धुऊन काढ म्हणलं, तर तिनं पदरच खोचला. पोतलेली भिंत कोणी धुते का, घरात काय सुतक आहे का, आणि धुवायची असेल तर आधी मले तलावात ढकल, इतकं सगळं एका दमात. गावच्या साऱ्या बाया तिच्या मागं उभ्या राहिल्या, आणि मी मुकद्दम असूनही एकटा पडलो. छोटेलाल पायरीवर बसून मिशीत हसत होता. त्यानं दुसऱ्या दिवसासाठी गाड्या सांगूनही ठेवल्या.

नशीब एवढंच, की साहेबाला तलावावर बदकं दिसली. (मला आता वाटते, तो आला होता तो बदकांसाठीच. बाराखांबी निमित्त.) दोन दिवस मुक्काम ठरला. साहेबानं बंदूक काढली आणि केळुसकरांच्या हाती मापाची टेप दिली. मी विचार केला, माणसाचं काही चालत नाही तर जनावराला सांगून पाहावं. आमचा गुराखी फागू गोंड दुपारी गावच्या म्हशी तलावात लोळवतो. त्याला म्हणलं, म्हशी चिखलातून सरळ बाराखांबीत घाल. अंग घासायला खांब मिळाला तर म्हैस काही सोडत नाही. घंटाभरात छुई जाईल, चिखल बसेल, आणि शेवाळ नाही तरी शेवाळाचा भाऊ दिसेल. फागू म्हणाला, आत बाया बसून आहेत जी. मी म्हणलं, म्हशी पाहून उठतील.

उठल्या नाहीत. म्हशी आल्या, म्हाताऱ्यांनी पाहिलं, आणि पाय तेवढे आखडून घेतले. तरी माझा बेत जमून येत होता. म्हशी खांबांना लागल्या होत्या, छुई पापडासारखी गळत होती, मिशीवाला हत्ती तर पुसूनही गेला होता. तेवढ्यात तलावावर साहेबानं बार काढला. झालं! शहाणी जनावरं बाहेर पळतात. आमच्या म्हशी आत पळाल्या. ज्या बाहेर होत्या त्याही आत आल्या. छोटेलाल पांढरंशुभ्र धोतर नेसून कोणता दगड आधी काढायचा ते गड्यांना सांगत उभा होता. एका म्हशीनं त्याला पाठीवर घेतलं की डोक्यावर, ते मला नीट दिसलं नाही. पण तो दिसेनासा झाला तो पाळीखालच्या गाळातच दिसला, आणि तिथून जी हिंदी त्यानं काढली ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. मायनं काठीनं एका म्हशीच्या नाकावर अशी हाणली, की ती तिथंच मधोमध बसली आणि तिला पाहून बाकीच्याही बसल्या. केळुसकर टेप गळ्यात अडकलेल्या स्थितीत उडी मारून आतल्या ओट्यावर चढले आणि मायच्या शेजारी अंग चोरून बसले. समुद्रावर म्हशी नसाव्यात.

आता म्हशी उठेपर्यंत तिथून कोणाला हलता येईना. मायनं पाहिलं, पाहुण्याचं तोंड सुकलं आहे. तिनं आपल्या खळगीत पान टाकलं, सुपारी टाकली, गोट्यानं कुटलं, आणि तो लगदा त्यांच्या हातावर ठेवला. केळुसकरांनी तो तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (चुन्यानं असेल असं मला वाटलं.) म्हणाले, माझी आजी असंच कुटून द्यायची, पण तिचा खलबत्ता पितळेचा होता. मग खाली वाकून पाहतात तर सारवणातून ती खळगी. त्यांनी बोट घातलं. शेजारच्या खळगीत घातलं, ते आणखी खोल गेलं. सारवण खरवडत खरवडत ते गुडघ्यावर म्हशींच्या मधून रांगू लागले. जिकडं तिकडं खळग्या, काही उथळ, काही अशा खोल की अख्खं बोट गडप. मायला विचारतात, आजी, हे कोणी केलं? माय म्हणाली, “कोनी करते? सुपारीनं केलं. हे माही, हे माह्या सासूची, हे तिच्या सासूची. त्याच्या पलीकडची कोनाची ते मले माईत नाई, तिले पाह्यलेली बाईच जिती नाई.”

केळुसकर उभे राहिले आणि माझ्यावर ओरडले, “अहो मुकद्दम, हे आधी दाखवायचं सोडून हत्ती काय सांगत बसलात?” साहेबाला बोलावणं गेलं. तो दोन्ही हातांत बदकं घेऊन धावत आला. मायनं त्याला रक्ताच्या हातानं खळगीला हात लावू दिला नाही, आधी तलावावर जाऊन हात धू म्हणाली. केळुसकरांनी ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण नागपूरचा साहेब मुकाट्यानं जाऊन हात धुऊन आला. मग एकेका खळगीत काडी घालून मापलं, सासू-सुनांच्या पिढ्या मोजल्या, छुईखालचा दगड घासून पाहिला, आणि शेवटी मायसमोर टोपी काढली. ही इमारत फार जुनी आहे, हिचा एक दगड हलणार नाही, असं तिथंच लिहून दिलं. छोटेलालच्या गाड्या रिकाम्या गेल्या. मी तर बाप्पा त्या पांढऱ्या हत्तीला मिठी मारली. नंतर दोन दिवस छुई अंगावरून निघाली नाही.

तर अशी ती खुषखबर. आता सरकारी हुकूम आला आहे. (सरकारी काम इतक्या लवकर झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.) बाराखांबीभोवती काटेरी तार ओढली आहे आणि समोर पत्र्याची पाटी लावली आहे. शिपायानं ती साऱ्या गावाला वाचून दाखवली. आत कोणी बसू नये, थुंकू नये, जनावर बांधू नये, दंडार खेळू नये, छुई लावू नये, आणि ‘फरशीवरील प्राचीन खळग्यांत काहीही कुटू नये’. मोडेल त्याला सजा. साऱ्या म्हाताऱ्या आपापला गोटा हातात धरून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मायनं शिपायाला एवढंच विचारलं, “मंग वाचवली कोनासाठी जी?” शिपाई म्हणाला, तसं काही लिहिलेलं नाही.

कळावे, लोभ आहे तो वाढू द्यावा. बाईला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. खळ्यावर तणसाच्या ढिगाशी बसून हे लिहितो आहे, कारण घरात बसायला जागा नाही.

आपला,
केवलराम

ता. क. जागा काऊन नाही, हे लिहायचं राहिलं. सभा आता आमच्या ओसरीवर भरते. लोखंडी खलबत्ता आणला आहे, त्याचा ठणाणा दुपारभर चालू. सभेतली फुलवंताबाई येताना शेळ्याही आणते. रुख्मिणीनं काल पाण्याचा हंडा आपटला, मायनं उत्तरादाखल खलबत्ता आपटला. तेव्हा भाऊजी, मुद्द्याचं सांगतो. हे पत्र मिळताच सुशिलाबाईच्या गुडघ्याचं निमित्त करून मायला भंडाऱ्याला बोलावून घ्या, निदान आखाडीपर्यंत. तुमचा ओटा मोठा आहे. सासू म्हणजे दुसरी मायच, हे वाक्य तुम्हीच माझ्या लग्नात म्हणाला होता, तेव्हा चार लोक साक्षीला होते.

दुसरी ता. क. वरचं रद्द समजावं. मला मोठ्यानं वाचत लिहायची सवय, आणि तणसाच्या ढिगामागं माय उभी होती. लेकीच्या घरी ओटे झिजवायला मी जात नाई, तिथला दगड माह्या वळखीचा नाई, असं ती म्हणते, आणि मला जे म्हणाली ते लिहीत नाही. आता तिचा निरोप, तिनं सांगितला तसा. हुकुमात बाराखांबीवर एक चौकीदार नेमायचा आहे. त्यानं दिवसभर जागेवर बसून राहावं आणि कोणी हात लावला तर ओरडावं, एवढंच काम. गावातला एकही गडी तयार नाही, म्हणतात बसून राहणं आम्हाला जमत नाही. मायला जमते. ओरडण्याचं तर तुम्ही जावई आहात, तुम्हाला वेगळं काय सांगू? नेमणुकीचा कागद तुमच्याच कचेरीतून निघतो. मायचं नाव निर्मला असं पुरं लिहू नका, अर्जदार म्हणून नुसतं ‘नि.’ लिहा, बाई आहे हे त्यांना नंतर कळेल. मदतनीस म्हणून फुलवंताबाई आणि बाकीच्या, बिनपगारी. कुटण्याबद्दल अर्जात काही लिहू नका. आणि रुख्मिणी म्हणते, ही नोकरी पुढं सुनेकडे जाईल, असं एक कलम घालता आलं तर पाहावं, तिची एक दाढ हलू लागली आहे.

तिसरी ता. क. हसू नका भाऊजी. काल मी मायसोबत तारेपर्यंत गेलो होतो. तारेला धरून ती आपली खळगी पाहत उभी राहिली, आणि घरच्या भांडणात रडत नाही ती बाई तिथं रडली. सासूची खळगी बोटाच्या दोन पेरांइतकी खोल आहे, मायची अजून एकच पेर झाली आहे. सासूची बरोबरी केल्याशिवाय मी काही मरत नाई, असं म्हणाली. दगड पक्का आहे, आणि माय हळूच कुटते. तिला लवकर आत बसवा.